नव्वद हजारांची पंधरा वर्षं

लेसर करून चष्मा घालवण्याच्या जाहिरातींत एक आश्वासन हमखास असतं: एकदाच खर्च करा आणि आयुष्यभर मोकळे व्हा. चष्म्याच्या आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या तीस-चाळीस वर्षांच्या खर्चाशेजारी ऑपरेशनचा आकडा ठेवला की तो लहान दिसतो. तिशीच्या आतली मुलं-मुली मग हप्ते बांधून ते करून घेतात. ऑपरेशन चांगलं आहे आणि करून घेणारे बहुतेक जण समाधानी असतात, याबद्दल मला शंका नाही. मला खटकतो तो हिशेब. ती सगळी बेरीज एका गृहीतकावर उभी आहे: चाळिशीनंतरही डोळा पंचविशीतलाच राहील. ज्याला पैसे वाचतील या भरवशावर डोळ्यांचा निर्णय घ्यायचा आहे, त्याला हे आधी कळायला हवं.

हिशेब एकट्यानं मांडला की तो आपल्याला हव्या त्या बाजूला झुकतो. म्हणून मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक सांगलीतले चष्म्याचे दुकानदार मामा. दुसरी त्यांची भाची, वय २७, हिंजवडीला नोकरी, दोन्ही डोळ्यांना मायनस ५. अधूनमधून मामीही बोलते. तिघंही योजलेली आहेत आणि रुपयांतले दर हिशेबापुरते धरलेले आहेत. डोळ्यांविषयीची माहिती आणि अभ्यासांतले आकडे मात्र खरे आहेत.

भाची: मामा, मी सगळं एक्सेलमध्ये मांडून आणलंय. कॉर्नियाचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, न उचलता करतात त्या पद्धतीचे दोन्ही डोळ्यांचे मिळून ९० हजार सांगितलेत. आता माझा चालू खर्च बघा. महिन्याच्या लेन्सची जोडी ६०० रुपये, सोल्यूशन ३००. वर्षाचे झाले १०,८००. शिवाय घरात चष्मा लागतोच. दोन वर्षांनी ५ हजारांचा धरला तर वर्षाला २,५००. एकूण १३,३००. सात वर्षांच्या आत ऑपरेशनचे पैसे वसूल. साठीपर्यंत धरलं तर माझे ४ लाख ३८ हजार ९०० रुपये जातात.

मामा: साठीपर्यंत का धरलंस?

भाची: कुठेतरी थांबायला हवं ना.

मामा: मग बेचाळिसाव्या वर्षी थांब. डोळ्याच्या आतलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं. जवळचं बघताना ते फुगायला हवं, चाळिशीनंतर ते पुरेसं फुगत नाही. लेसर चालतो बाहेरच्या कॉर्नियावर, आतल्या भिंगाला तो हातसुद्धा लावत नाही. लेसर केलेल्यालाही बेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास मोबाइल लांब धरावा लागतो आणि तो माझ्या दुकानात जवळचा चष्मा करायला येतो. बिनचष्म्याची तुझी वर्षं साधारण पंधरा. त्यानंतरचा हिशेब वेगळा मांडायला लागेल.

भाची: ठीक, पंधरा वर्षं. १३,३०० गुणिले १५, म्हणजे १ लाख ९९ हजार ५००. तरीही ९० हजारांच्या दुपटीहून जास्तच.

मामा: हा झाला लेन्सचा रकाना. आता माझ्या धंद्याचा रकाना घाल. लेन्स बंद, फक्त चष्मा. तुझ्या नंबराला पातळ काचा, अँटिग्लेअर आणि बरी फ्रेम धरून ६ हजार, दर दोन वर्षांनी. उन्हासाठी नंबरचा गॉगल ४ हजारांचा, चार वर्षांनी एकदा. वर्षाला झाले ४ हजार, पंधरा वर्षांचे ६० हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आलाय, तेवढा आणखी दिलासा.

भाची: पंधरा वर्षं हाच भाव राहणार आहे का? महागाई?

मामा: महागाई धरायची तर व्याजही धर. ९० हजार बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवलेस तर वर्षाला ५,८५० येतात. तीस टक्के कर गेला तरी चार हजारांच्या वर थोडे उरतात. म्हणजे पहिल्या वर्षी नुसत्या व्याजात चष्मा भागतो आणि मुद्दल तसंच राहतं. पुढे चष्म्याचा भाव वाढेल आणि व्याज अपुरं पडेल, हे कबूल. पण करोत्तर व्याज आणि भाववाढ ढोबळमानाने एकमेकांच्या जवळ चालतात, म्हणून दोन्ही सोडून दे आणि आजच्या रुपयांत बेरीज कर.

भाची: मग ऑपरेशनच्या रकान्यातही भर घालते. पहिल्या वर्षीचे डोळ्यांत घालायचे थेंब ३ हजार. बिननंबरचा चांगला गॉगल २ हजार, चार वर्षांनी एकदा, म्हणजे पंधरा वर्षांचे साडेसात हजार. एकूण १ लाख ५००.

मामा: आता तीन आकडे समोर आले. चष्मा ६० हजार, लेसर एक लाख, लेन्स दोन लाख.

या तीन आकड्यांवर मला थोडं थांबायचं आहे. बहुतेक लोक विचारतात, लेसर स्वस्त पडतं का? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण कशापेक्षा ते त्यात सांगितलेलं नाही. रोज लेन्स वापरणाऱ्याला लेसर स्वस्त पडतं आणि ते फार लवकर पडतं. चष्म्यावर समाधानी असणाऱ्याला पंधरा वर्षांत ते महाग पडतं. पस्तिशीत ऑपरेशन करणाऱ्याला सात-आठच वर्षं मिळतात, मग लेन्सच्या तुलनेतही ते जेमतेम बरोबरीला येतं. वय, नंबर आणि आज डोळ्यांवर काय आहे, एवढ्या तीन गोष्टी कळल्याशिवाय ‘वाचवा’ म्हणणारी प्रत्येक जाहिरात अपुरी आहे.

भाची: पण मामा, तुम्ही बेचाळीसला थांबलात. मी नाही थांबत. बेचाळीसनंतर मला जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर असतील. तुम्हीच गिऱ्हाइकांना प्रोग्रेसिव्ह काचा विकता. बारा हजारांच्या खाली चांगल्या येत नाहीत म्हणता. दोन वर्षांनी १२ हजार, म्हणजे वर्षाला ६ हजार. लेसर केलेल्याला बाराशेचा साधा वाचायचा चष्मा पुरतो. वर्षाला ६००. वीस वर्षांत एकीकडे १ लाख २० हजार आणि दुसरीकडे १२ हजार. आता कुणाचा रकाना जड झाला?

मामा: तुझा मुद्दा बरोबर आहे. प्रोग्रेसिव्ह घेणार असशील तर पुढची वीस वर्षं लेसरच्या बाजूने जातात. पण प्रोग्रेसिव्ह घ्यायलाच हवा असं नाही. बायफोकल त्याच्या तिसऱ्या हिश्शात होतो. रेघ दिसते म्हणून लोक नको म्हणतात. आणि कित्येक मायनसवाल्यांना जवळचा चष्मा लागतच नाही. तुझी मामी बघ. मायनस ३ आहे. तांदूळ निवडताना, सुईत दोरा ओवताना चष्मा काढून कपाळावर ठेवते आणि पन्नाशी उलटून गेली तरी तिला स्वच्छ दिसतं.

मामी: औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचते मी. या वयात माझ्या बहिणींना ती दिसत नाहीत.

मामा: मायनस ३ चा डोळा विनाचष्म्याने ३३ सेंटिमीटरवर नेमका बसतो, पुस्तक धरायचं ते अंतर. लेसरने नंबर शून्य केला की ही सोय जाते. लोकांना ही देवघेव ऑपरेशनच्या आधी कुणी समजावून सांगत नाही. चाळिशीत आलेला मायनस ३ चा माणूस लेसर करतो आणि सहा महिन्यांनी विचारतो, मला आधी जवळचं दिसत होतं, आता का दिसत नाही?

भाची: हे मामींना लागू आहे, मला नाही. शंभर भागिले नंबर केलं की अंतर निघतं ना? शंभर भागिले पाच, वीस सेंटिमीटर. मी चष्मा काढून वाचायला बसले तर पुस्तक नाकाला लागेल. त्या अंतरावर कोण वाचतं?

मामा: खरंय. तुझ्या नंबराला त्या सोयीची किंमत थोडी. तरी एक बारीक गोष्ट तुझ्याही बाबतीत आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून बारा-चौदा मिलिमीटर पुढे असते, त्यामुळे मायनसवाल्याच्या डोळ्याला जवळ बघताना थोडे कमी कष्ट पडतात. लेन्स लावली किंवा लेसर केलं की ही सवलत जाते आणि जवळचं वाचण्याचा त्रास जरा लवकर सुरू होतो. मोठी गोष्ट नाही, पण तुझ्या पंधरा वर्षांतून थोडं कमी कर.

भाची: आणि साठीनंतर?

मामा: साठीनंतर बहुतेकांचा मोतीबिंदू पिकतो. तेव्हा आतलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. त्या भिंगाचा नंबर निवडतानाच लांबचा नंबर जवळपास घालवता येतो, मायनस ५ असलेल्याचासुद्धा. म्हणजे तुझ्या एक्सेलची खरी लांबी सत्तावीस ते बेचाळीस, मग बेचाळीस ते साठ-पासष्ट, आणि पुढे सगळे जवळपास एका रांगेत. फरक एवढाच की लेसर झालेल्या डोळ्यासाठी भिंगाचा नंबर काढणं अवघड जातं, कारण कॉर्नियाचा आकार बदललेला असतो आणि नेहमीची सूत्रं चुकतात. ऑपरेशनच्या आधीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं हातात असली तर डॉक्टरांना मोठी मदत होते. ते कागद तीस-पस्तीस वर्षं सांभाळायचे. मोबाइलमधला फोटो इतकी वर्षं टिकेलच असं धरून चालू नकोस.

भाची: कागद ठेवीन. पण मामा, तुमचं दुकान आहे म्हणून तुम्ही चष्म्याची बाजू घेता, असं कुणी म्हणालं तर?

मामा: म्हणू दे. दुकान आहे म्हणूनच मला चष्म्यातल्या फुकटच्या खर्चाचीही माहिती आहे. तुझ्या मागच्या चष्म्याला पुण्यात ‘ब्लू कट’ लावून घेतलास ना? संगणकाचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर झालेल्या सतरा चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये आढावा काढला. डोळ्यांवरचा ताण कमी होतो असं त्यात दिसलं नाही. मी गिऱ्हाइकाला हे सांगतो. तरी हवं असेल तर लावून देतो. चष्मा हे स्वस्त साधन आहे आणि ते स्वस्तच राहायला हवं. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी उलटलेल्या मजुरांना जवळचे चष्मे देऊन केलेली चाचणी २०१८ साली लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आली. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. इतका मोबदला देणारी दुसरी वस्तू मला दाखव.

भाची: त्यांना दिसतच नव्हतं. मला दिसतंय, पण चष्म्यातून. मला पहाटे उठल्यावर भिंतीवरचं घड्याळ बघायचंय. पावसात दुचाकी चालवताना काचेवरचे थेंब नकोत. पोहायला गेल्यावर काठावर उभं असलेलं माणूस ओळखायचंय. तुमच्या कुठल्या रकान्यात हे बसतं?

मामा: कुठल्याच नाही. आणि ते खोटं बसवूही नये. यासाठी ९० हजार द्यावेसे वाटत असतील तर दे, मी अडवणार नाही. पण मग ‘पैसे वाचतात’ हे कारण बाजूला ठेव. ते कारण पुढे केलंस की उरलेले प्रश्न विचारायचे राहून जातात.

भाची: कुठले प्रश्न?

मामा: पहिला प्रश्न, नंबर का लागला? तुझा डोळा लांब आहे. नेहमीचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटरचा असतो. एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर वाढतो. तुझा डोळा साधारण दोन मिलिमीटर जास्त लांब असणार. लेसर पुढचा भाग चपटा करून प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आणतो, मागची लांबी तेवढीच राहते. लांब डोळ्यात पडदा ताणलेला असतो. तो फाटण्याची, सुटण्याची जोखीम नंबर शून्य झाला म्हणून जात नाही. काचबिंदूची जोखीमही तशीच.

भाची: म्हणजे तपासणी चालूच.

मामा: वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघायचा. अचानक काळे ठिपके वाढले, प्रकाश चमकला, बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चष्मा असताना माणूस निदान काचा बदलायला तरी डोळे दाखवतो. चष्मा गेला की दहा-दहा वर्षं दाखवत नाही. मला यातच खरा खर्च दिसतो. शिवाय कॉर्निया पातळ झाल्यावर डोळ्याचा दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणून पुढे भेटशील त्या प्रत्येक डॉक्टरला लेसर झालंय हे सांगायचं. दिसायला तो डोळा साधाच दिसतो, त्यांना कसं कळणार?

या जागी माझा कल मामांकडे आहे. मोठ्या मायनस नंबरच्या माणसाला ‘तुम्ही बरे झालात’ असं वाटू देणं ही या व्यवहारातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. नंबर हे लांब डोळ्याचं एक लक्षण, आणि आपण पैसे मोजतो ते लक्षण काढण्याचे. डोळा लांबच राहतो. ऑपरेशन करून देणाऱ्यांनी डिस्चार्जच्या कागदावर दरवर्षीच्या पडदा-तपासणीची ओळ मोठ्या अक्षरांत छापावी, असं मला कळकळीनं वाटतं.

भाची: दुसरा प्रश्न?

मामा: किती पेशीजाल काढणार आणि किती उरणार? एक्सायमर लेसर कॉर्निया जाळत नाही, कापतही नाही. पेशीजाल अक्षरशः उडवून टाकतो.

भाची: ते वाचलंय मी. आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्की त्यांनी कामावर नेलं आणि त्यावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर चालवला. आजूबाजूचा भाग न करपता बारीक, स्वच्छ खाच पडली. तिथून हे डोळ्यांपर्यंत आलं. अमेरिकेत १९९५ साली पीआरके या पद्धतीला मान्यता मिळाली, मग लेसिकला.

मामा: करपत नाही हे खरं. पण उडालेलं परत येत नाही हेही तितकंच खरं. सहा मिलिमीटरच्या गोलात एका नंबराला साधारण १२ मायक्रॉन जातात. तुझ्या पाचाला साठ. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉनचा असतो. फ्लॅप उचलणार असतील तर त्याचे शंभर-एकशेदहा वेगळे धरायचे आणि खाली निदान २५० उरायला हवेत. डॉक्टर आजकाल ३०० धरतात. तुझ्या आकड्यांत हे बसतं. पण जाडीपेक्षा आकार महत्त्वाचा. कॉर्निया हळूहळू टोकदार होत जाण्याचा एक आजार असतो, केराटोकोनस. सुरुवातीला तो कळत नाही. अशा डोळ्यावर लेसर केलं तर कॉर्निया पुढे येत जातो आणि नजर बिघडते. नागपूरजवळच्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली होती, २००९ साली छापून आली. कॉर्नियाच्या वक्रतेची एक मर्यादा ठरवून मोजल्यावर २.३ टक्के लोकांत तो निघाला. हे आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. तू डोळे चोळतेस?

भाची: लेन्स काढल्यावर थोडे.

मामा: सोड ती सवय. आणि कॉर्नियाचा नकाशा काढतात ती टोपोग्राफी आधी करून घे. त्याचे पैसे वेगळे पडले तरी चालतील. ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये तपासणी फुकट मिळते म्हणून घाई करू नकोस. ‘तुम्ही हे ऑपरेशन करू नका’ असं सांगणाऱ्या डॉक्टरला ती फी मिळायला हवी.

भाची: पण शेवटी किती लोक पस्तावतात? जगभरच्या अभ्यासांचा एक आढावा २००९ साली आला होता. ९५.४ टक्के लोक समाधानी.

मामा: मी तो मानतो. त्याच्या शेजारी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाचा प्राउल नावाचा अभ्यास ठेव. ज्यांना आधी दिसण्याची काही तक्रार नव्हती, त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी एखादी तरी नवी तक्रार होती. दिव्यांभोवती वलय, किरण, असं काहीतरी. आधी डोळे कोरडे नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा जाणवला. नेहमीची कामं करायला फार अडचण येते असं सांगणारे एक टक्क्याहून कमी.

भाची: मग दोन्ही आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. थोडं वलय दिसतं आणि माणूस तरी खूश असतो.

मामा: बरोबर. रात्री सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्याला ते वलय महाग पडेल, तुला कदाचित नाही. दिवसातले नऊ तास तू संगणकाच्या स्क्रीनकडे बघतेस, त्यामुळे तुला कोरडेपणाची काळजी जास्त. तुझ्या एक्सेलमध्ये थेंब एकाच वर्षाचे धरलेत. ते लांबले तर रक्कम वाढेल.

भाची: लेन्सनेही डोळे कोरडे होतात. आणि लेन्सची जोखीम तुम्ही धरलीच नाहीत.

मामा: धरतो ना. मी लेन्सच्या बाजूने बोलतच नाहीये. अमेरिकेत १९८९ साली छापलेल्या अभ्यासात दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्यांत दर दहा हजारांत वर्षाला सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला. रात्रीही ठेवणाऱ्यांत २१ जणांना. पाचपट! तू रात्रीच्या एसटीने येतेस तेव्हा लेन्स कुठे असतात?

भाची: डोळ्यांत. पाचच तास तर असतात.

मामा: झोपलीस की ते पाच तास रात्रीच्याच हिशेबात जातात. आणि स्वारगेटला नळाच्या पाण्याने हात ओले करून लेन्स काढल्यास तर अकँथामीबा या सूक्ष्मजीवाची भीती वेगळी. तो संसर्ग महिनोन्‌महिने छळतो. त्या उपचाराचा खर्च कुणाच्याच एक्सेलमध्ये नसतो.

भाची: म्हणजे जोखमीच्या रकान्यात लेन्ससुद्धा वाईट. मग लेसरच बरं, असंच ना?

मामा: रोज निष्काळजीपणे लेन्स वापरण्यापेक्षा, योग्य डोळ्यावर नीट केलेलं लेसर बरं असू शकतं. हे मी मान्य करतो.

मामी: मी एक विचारू? लग्नाचं चाललंय म्हणून करतेयस का?

भाची: आई म्हणते, फोटोत चष्मा नको. दोन स्थळांनी नंबर किती ते विचारलं.

मामी: माझ्या वेळी पोहे घेऊन बाहेर जाताना चष्मा काढून ठेवायला लावला होता. मला समोरची माणसं धूसर दिसत होती. होकार दिला तेव्हा तुझ्या मामांचा चेहरा मला नीट दिसला नव्हता. त्यांना नंतर नंबर सांगितला. ते म्हणाले, दुकान आपलंच आहे.

भाची: आता कुणी चष्मा काढायला लावत नाही मामी. ऑपरेशन करायला लावतात.

मामीच्या या प्रश्नासाठी मला वेगळा रकाना करावासा वाटतो. मुलाच्या बायोडाटात ‘चष्मा आहे’ हे लिहिलेलं चालतं. मुलीला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. लग्नाची तारीख ठरली म्हणून उरकलेल्या ऑपरेशनांत नंबर स्थिर झालाय का, डोळे कोरडे आहेत का, गरोदरपण जवळच्या योजनेत आहे का, हे प्रश्न मागे पडतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे ऑपरेशन करत नाहीत, कारण त्या काळात नंबर आणि डोळ्यांतला ओलावा बदलतो. या मुलींच्या नव्वद हजारांतला काही भाग दुसऱ्यांच्या आवडीनिवडीसाठी जातो. तो मुलीच्या खात्यावर लिहिला जाऊ नये.

भाची: कंपनीच्या विम्यातून काही मिळेल का?

मामा: तुझ्या नंबराला अवघड. विमा नियामकाच्या ठरवून दिलेल्या अपवादांत साडेसात डायॉप्टर, म्हणजे साडेसात नंबरपेक्षा कमी दृष्टिदोषाच्या दुरुस्तीचा खर्च वगळलेला आहे. मायनस आठ असतीस तर पॉलिसी उघडून वाच म्हणालो असतो.

भाची: बरं. मग एक शेवटचं. लेन्स सोडून दोन आठवडे चष्मा लावायला सांगितलाय. मग टोपोग्राफी, आणि सगळं नीट निघालं तर पुढच्या महिन्यात तारीख घेते. चालेल?

मामा: थांब. तुझं जुनं कार्ड काढतो. हे बघ. पंचविसाव्या वर्षी उजवा मायनस ४.२५, डावा ४.५. मागच्या वर्षी दोन्ही ४.५. आज काढला तो दोन्ही ५. वर्षात अर्धा नंबर वाढलाय.

भाची: अर्ध्यानं काय होतं?

मामा: ऑपरेशन आजच्या नंबरचं होतं. उद्या वाढला तर वाढलेला पुन्हा चष्म्यात येतो, किंवा पुन्हा लेसर, पुन्हा कॉर्नियातून काढायचं. वर्षभरात नंबर अर्ध्याहून कमी बदलायला हवा, हा डॉक्टरांचाच नियम आहे. बहुतेकांचा विशीच्या पूर्वार्धात थांबतो, काहींचा उशिरा. लेन्समुळे कॉर्निया थोडा दबला असेल तर आजचं मापही फसवं असू शकतं. म्हणून दोन आठवड्यांनी चष्म्यावर असताना पुन्हा काढू.

भाची: आणि तरीही पाचच निघाला तर?

मामा: तर एक वर्ष थांबायचं. चष्म्याच्या हिशेबात त्या वर्षाचे ४ हजार. पुढच्या वर्षी पाचच राहिला, नकाशा स्वच्छ निघाला, की मी स्वतः पुण्याला येईन तुझ्याबरोबर.

भाची: त्या वर्षभरात लेन्स वापरू?

मामा: दिवसा वापर. एसटीत बसायच्या आधी काढायच्या, साबणाने हात धुऊन, कोरडे करून.